कराओके नाईट सर्व्हिस : पॅम्प्लेटला दोन स्टार, माणसाला साडेचार

हा रिव्ह्यू गाणाऱ्यांसाठी नाही, आधीच सांगतो. ज्यांचा स्वतःचा परमिट रूम किंवा बार-रेस्टॉरंट आहे आणि ज्यांच्या व्हॉट्सॲपवर हल्ली सारखे "सर आपल्या बारमध्ये कराओके नाईट करूया का" असले मेसेज येतात त्यांच्यासाठी आहे. माझं नाशिकला, एमआयडीसीच्या बाजूला. खाली एसी हॉल, मागे फॅमिली सेक्शन, बावीस टेबलं, गिऱ्हाईक म्हणजे कंपनीतले सुपरवायझर, ट्रान्सपोर्टवाले, थोडे बँकवाले आणि रविवारी फॅमिली. पुण्या-मुंबईच्या पबचं गणित इथे लावू नका, तिकडचं सगळंच वेगळं.

तर ही सर्व्हिस म्हणजे काय, तर ते लोक स्वतःचा लॅपटॉप, गाण्यांचे ट्रॅक (म्हणजे नुसतं संगीत, गायचं गिऱ्हाइकाने, शब्द टीव्हीवर), मिक्सर, दोन कॉर्डलेस माईक, दोन स्पीकर आणि एक होस्ट घेऊन येतात, आपला टीव्ही वापरतात, आठ ते साडेअकरा असा प्रोग्राम करतात आणि सामान गुंडाळून निघून जातात. मला सांगितलेला रेट साउंडसकट साडेसहा हजार एका रात्रीचे, आपला साउंड वापरला तर साडेचार. जीएसटीचं बिल पाहिजे तर वर १८ टक्के. आमच्या भागात ह्याच्यापेक्षा स्वस्त पण मिळतात आणि दहा हजारवाले पण आहेत, म्हणजे हा मधला माल.

आता पॅम्प्लेट. ते बघून मी खरं तर हाकलूनच देणार होतो. वर मोठ्या अक्षरात "तुमचा सेल डबल", खाली कुठल्यातरी परदेशी बारचा फोटो त्यात गोऱ्या पोरी माईक घेऊन नाचतायत, मग "५०,००० गाणी", मग "कॉलेज क्राउड खेचा", मग "थर्सडे कराओके नाईट स्पेशल". आणि कोपऱ्यात व्हिस्कीचा ग्लास. ह्यातली एक पण गोष्ट मला, म्हणजे पैसे देणाऱ्याला, लागू पडत नाही आणि ज्याने बनवलं त्याने आयुष्यात कधी बारच्या काउंटरमागे उभं राहून बघितलेलं नाही हे लगेच कळतं.

गुरुवारचंच घ्या. आपल्याकडे गुरुवार म्हणजे दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा वार, माझ्याकडचं निम्मं नेहमीचं गिऱ्हाईक त्या दिवशी नॉनव्हेज खात नाही आणि बरेचसे पीत पण नाहीत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, शनिवार मारुतीचा. म्हणजे आठवड्यात खरे मोकळे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार, हे इथल्या प्रत्येक बारवाल्याला, मटणवाल्याला आणि अंडीवाल्याला पाठ असतं. आयटीवाले लोक शनिवारी पितात म्हणून तिकडे शनिवार जोरात, ठीक आहे. पण इथे मला गुरुवारी कराओके विकायचा म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये वेटर लोकांनी गायचं का? आणि वाराच्या वर परत तारखेचं गणित असतं. कंपनीचा पगार सात ते दहा तारखेला होतो, तिथून पुढचे आठ-दहा दिवस हॉल भरलेला, वीस तारखेनंतर तेच लोक क्वार्टर बाहेरून वाईन शॉपमधून घेऊन गाडीत बसतात. पॅम्प्लेटमध्ये ह्यातलं काही नाही. जो बारवाल्याला सर्व्हिस विकतोय त्याने निदान त्याचं कॅलेंडर तरी बघावं.

कॉलेज क्राउडचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ लागतं. कॉलेजची पोरं खेचून मी काय त्यांना लिंबू सरबत पाजू? आणि ग्लासाचा फोटो टाकून, बारचं नाव लिहून तो बॅनर चौकात लावायचा अशी त्यांची "फ्री प्रमोशन" स्कीम होती. दारूची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्यात स्पष्ट कलम आहे, म्हणजे बॅनर त्यांचा, फोटो त्यांचा आणि एक्साईजची नोटीस माझ्या नावावर. मी सांगितलं बॅनरवर फक्त माईक आणि रेस्टॉरंटचं नाव, बाटली नाही, ग्लास नाही, ऑफर नाही. त्यांनी बदलून दिलं, कुरकुर न करता, हा त्यांचा पहिला प्लस पॉइंट.

दुसरा प्लस पॉइंट सांगायच्या आधी एक सांगतो, हे सेल्सवाले पहिल्यांदा आले शनिवारी रात्री नऊ वाजता. शनिवारी! रात्री नऊ वाजता बार मालकाला भेटायला येणारा माणूस एकतर वसुलीवाला असतो नाहीतर पाहुणा, तिसऱ्याला वेळ नसतो. किचनमधून तीन केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या) अडकलेले, सहा नंबरवर बिलावरून वाद आणि हा मला ब्रोशर दाखवतोय. भेटायची वेळ दुपारी चार ते साडेपाच, लंच संपलेला असतो, कॅशियर हिशोब लावत असतो, मालक चहा घेत असतो. कोणाला बारवाल्यांना काही पण विकायचं असेल, कराओके असो नाहीतर टिश्यू पेपर, ही वेळ लिहून ठेवा.

मग मी त्यांना नकारच का नाही दिला? कारण दुसऱ्यांदा ते स्वतः होस्टला घेऊन आले. पन्नाशीचा माणूस, पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, गणपतीत, लग्नात, सोसायटीच्या गॅदरिंगला, ते काम कमी होत गेलं तसा ट्रॅकवर आला. सध्या दिवसा हौशी ज्येष्ठ मंडळींचे कराओके ग्रुप करतो. हे आता सगळीकडे झालंय बघा, नाशिक, पुणे, ठाणे, डोंबिवली, रिटायर झालेले काका-काकू छोटा हॉल घेतात, प्रत्येकाने वर्गणी काढायची, प्रत्येकाला दोन गाणी, चहा-बटाटेवडा, टाळ्या. ह्या माणसाने तिथे शंभर प्रकारचे बेसूर गळे सांभाळलेत. तो आला, माझ्याशी फार बोलला नाही, हॉलमध्ये फिरला, टाळी वाजवून आवाज घुमतो का बघितलं, टीव्ही कुठे आहे, गल्ला कुठे आहे, वेटर कुठून ये-जा करतात हे बघितलं आणि म्हणाला, "मालक, स्पीकर किचनच्या दाराजवळ नको, तुमचे वेटर ऑर्डर ऐकू शकणार नाहीत." तिथेच मी हो म्हणलं. पॅम्प्लेटमध्ये हे एक वाक्य असतं ना तरी चाललं असतं.

आता ह्या माणसाचं काम नेमकं काय ते सांगतो, कारण पैसे त्याचेच आहेत, मशीनचे नाहीत.

एक, लाईन. प्रत्येक टेबलावर चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा आणि पेन. चिठ्ठीवर टेबल नंबर, नाव आणि गाणं. एका राउंडला एका टेबलाचं एकच गाणं, मग टेबलावर दोघं असू दे नाहीतर दहा. ऐकायला सोपं वाटतं पण सगळी भांडणं इथेच होतात, कारण दोन पेग झाल्यावर प्रत्येकाला वाटतं आपला नंबर मागच्याच्या आधी होता. हा माणूस चिठ्ठी घेताना मोठ्याने माईकवर वाचतो, "चार नंबर, पाटील साहेब, तिसरे", म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जातं आणि नंतर वाद घालायला जागाच राहत नाही. माझ्या गल्ल्यावर बसणाऱ्या पोराने ती आयडिया आता टेबल वेटिंगसाठी पण उचलली.

दोन, पट्टी. गाणारा माणूस पहिली ओळ बोलताना ऐकून हा लगेच गाणं दोन-तीन सूर खाली घेतो, कोणाला कळत पण नाही. किशोर म्हणणारे निभावून नेतात, पण रफी घेणारे वर अडकतात, आणि अंतऱ्याला आवाज फाटला की तो माणूस परत चिठ्ठी टाकत नाही, वरून टेबलावरचे मित्र चिडवतात आणि ते टेबल लवकर बिल मागतं. होस्टने सूर उतरवला की तोच माणूस खुश होऊन अजून एक राउंड मागवतो. हे मी स्वतः बिलांवर बघितलंय. इको, म्हणजे आवाजाचा घुमारा, जरा जास्त ठेवतो तो, बाथरूममध्ये गातो तसा आवाज येतो, जाणकार लोक नाक मुरडतील पण माझ्या गिऱ्हाइकाला तेच पाहिजे.

तीन, माईक कोणाला द्यायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. जो उभा राहताना टेबल धरतोय त्याला हा "दादा तुमचं गाणं शोधतोय, ट्रॅक लोड होतोय" म्हणत वीस मिनिटं काढतो, तोपर्यंत त्याचे मित्रच त्याला घेऊन जातात. "नाही" हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही. आणि कोणी खिशातून दहा-दहाच्या नोटा काढून गाणाऱ्यावर उडवायला लागला की गाणं जागच्या जागी बंद, लाईट पूर्ण चालू, "साहेब, टीप पाहिजे तर वेटरला द्या." बरोबर आहे त्याचं. डान्सबारच्या केसमध्ये २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सुद्धा टीप चालेल पण पैसे उधळणं चालणार नाही असंच ठेवलं. माझ्याकडे डान्स-बिन्स काही नाही, पण नोटा उडवतानाचा एक व्हिडीओ बाहेर गेला की फॅमिली सेक्शन कायमचा बंद, एवढं मला समजतं.

ह्याच्यावरून आठवलं, पहिल्याच बुधवारी वरच्या सोसायटीचे चेअरमन खाली आले, चेहरा लाल, "ऑर्केस्ट्रा बार सुरू केला का तुम्ही?" मुंबई-ठाणे-पनवेलकडच्या ऑर्केस्ट्रा बारच्या बातम्या वाचून लोकांच्या डोक्यात बारमध्ये गाणं म्हणजे तेच. त्यांना आत बोलावलं, बसवलं, समोर बँकेतले एक साहेब घामाघूम होऊन मुकेश गात होते. चेअरमननी दहा मिनिटं बघितलं, मग हळूच विचारलं "पुढच्या वेळी आम्ही आलो तर चालेल का, पण आम्ही काही घेत नाही". म्हणलं या, सूप घ्या. पण सगळ्यांचे चेअरमन असे नसतात, तेव्हा सुरू करायच्या आधी स्थानिक पोलीस स्टेशनला कळवा, तुमच्या लायसन्सला गाण्या-बजावण्याची वेगळी परवानगी लागते का ते विचारा आणि अर्जाची पोच फाईलला लावा. ही सर्व्हिस ह्यातलं काही करून देत नाही. खरं तर करायला पाहिजे, निदान अर्जाचा नमुना तरी द्यायला पाहिजे, पॅम्प्लेटवर "पेपरवर्कला मदत" एवढं लिहिलं तरी आमच्यासारखे अर्धे मालक फोन उचलतील.

आवाजाचं पण तसंच. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरतात, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, कमर्शियलमध्ये ६५ आणि ५५. आपल्या जागेच्या हद्दीवर आपला आवाज ह्या लिमिटच्या वर ५ पेक्षा जास्त जायला नको. आता दोन माणसं नीट गप्पा मारतात तेच साठच्या आसपास असतं, म्हणजे ४५ म्हणजे काहीच नाही. तर होस्टने काय केलं, बास स्पीकर आणलाच नाही, कारण भिंतीतून बासच जातो, दोन्ही स्पीकर आतल्या भिंतीकडे तोंड करून जरा खाली लावले, दहा वाजता आवाज उतरवला आणि दरवाज्याचा क्लोजर ढिला होता तो मला बदलायला लावला. पैसे माझे गेले पण बोलणं योग्य होतं. दहानंतर तो शक्यतो हळू गाणी घेतो. गंमत म्हणजे हळू गाण्यांना ऑर्डर जास्त येतात, नाचायच्या गाण्यांना लोक उभे राहून टाळ्या वाजवतात आणि ग्लास तसाच पडून राहतो. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आता पैशाचं बोलू, कारण "सेल डबल" वाचून कोणी फसू नका. सेल डबल होत नाही. होतं काय, तर आलेलं टेबल तासभर जास्त बसतं. माझ्याकडे तासभर जास्त म्हणजे एक राउंड आणि एक चखणा, चना कोळीवाडा नाहीतर मसाला पापड, धरा टेबलामागे सहाशे. बावीस टेबलं सगळी भरली आणि सगळी थांबली तर तेरा हजार दोनशे. माल, किचन, माणसं एवढाच खर्च जाऊन शंभरातले चाळीस राहतात असं धरा, फार राहिले तर, म्हणजे सव्वापाच हजार. साडेसहा हजाराचा होस्ट सव्वापाच हजारात कसा बसणार? नाही बसत. साडेचारवाला बसतो, कसाबसा, ते पण हॉल भरला तर. म्हणून मी माझा साउंड वापरतो, आधीपासून चांगले स्पीकर होते म्हणून. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी घाई करू नका. आणि शनिवारी तर कराओके ठेवूच नका जर तुमच्याकडे वेटिंग लागत असेल, कारण तेव्हा टेबल लवकर रिकामं होण्यात पैसा आहे, बसवून ठेवण्यात नाही.

रिकाम्या दिवशी पण चालत नाही, मी करून बघितलं. चार टेबलं असताना कोणी गायला उठत नाही, लाजतात. कमीतकमी निम्मा हॉल पाहिजे. म्हणून माझं सध्याचं सूत्र म्हणजे पगाराच्या आठवड्यातला बुधवार आणि त्याच्या पुढचा बुधवार, वीस तारखेनंतर नाही. शुक्रवार-रविवार तसेच चालतात.

खरा फायदा मला दुसरीकडेच दिसला, बर्थडे आणि सेंड-ऑफच्या बुकिंगला. कंपनीत कोणी रिटायर झालं की आधी हे लोक हायवेवरच्या रिसॉर्टला जायचे, आता आमच्याकडे बुधवार धरतात, पंधरा-वीस जण, साहेबांना गायला लावायचं म्हणून. ते बिल सहाशेच्या हिशोबात बसत नाही. पॅम्प्लेटवाल्यांनो, हे छापा.

त्यांनी मध्ये एक ऑफर दिली होती की फिक्स नको, सेलच्या दहा टक्के द्या. एक तर दहा टक्के म्हणजे माझा प्रॉफिटच, आणि दुसरं म्हणजे रोजचा सेल मी कराओकेवाल्याला दाखवत बसू का? परमिट रूममधला व्हॅट २०२३ ला पाचवरून दहा टक्के झाला, २०२५ ला एक्साईज आणि लायसन्स फी वाढली, त्याच्या निषेधात १४ जुलैला आम्ही राज्यभर बार बंद ठेवून बघितले, त्याने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अशा दिवसात टक्केवारीवर कोणी बोलू नका राव, फिक्स बोला.

आता वाईट भाग. एका बुधवारी होस्ट आला नाही. त्यांनी दुसरीकडे मोठं बुकिंग घेतलं आणि माझ्याकडे पोरगा पाठवला, वीस-बावीसचा, टोपी उलटी. सामान तेच, लॅपटॉप तोच, ५०,००० गाणी तीच. पोराने आल्या आल्या रिमिक्स लावले, चिठ्ठ्या टेबलावर पोचल्याच नाहीत, माईक पहिल्या टेबलाने घेतला आणि साडेदहापर्यंत सोडला नाही, मागच्या टेबलावरचे नेहमीचे ट्रान्सपोर्टवाले शेठ उठून गेले, जाताना म्हणाले "आज डीजे आहे काय". पोरगा कोपऱ्यात मोबाईलमध्ये. मध्येच माईक स्पीकरच्या समोर आला आणि अशी शिट्टी वाजली की फॅमिली सेक्शनमधलं लहान बाळ रडायला लागलं. त्या रात्रीचं पेमेंट मी निम्मंच दिलं, त्यांनी वाद घातला, शेवटी मानलं. तेव्हापासून मी लिहून घेतलंय की होस्ट ठरलेलाच येणार, नाही आला तर प्रोग्राम कॅन्सल, पैसे नाहीत. तुम्ही पण पहिल्या दिवशीच लिहून घ्या, नाव घालून.

तुटफुटीचं पण लिहून घ्या. माझ्याकडे एकाने जोशात माईक फिरवला आणि पडला, जाळी चेपली. त्यांचं म्हणणं गिऱ्हाईक तुमचं, माझं म्हणणं माईक हातात तुम्ही दिला. अर्धं-अर्धं केलं. ॲग्रीमेंटमध्ये ह्याबद्दल एक ओळ नव्हती, ॲग्रीमेंट म्हणजे काय तर व्हॉट्सॲपवरचा "ओके डन". आणि माईकच्या जाळीला प्रत्येक वेळी नवीन फोम कव्हर लावायला सांगा, रात्री अकरा वाजता त्या माईकला जो वास येतो तो मी इथे लिहीत नाही.

लायसन्स. पॅम्प्लेटवर बारीक अक्षरात "ऑल म्युझिक लायसन्स्ड". मी म्हणलं दाखवा. तर त्यांनी ट्रॅक विकत घेतल्याची बिलं दाखवली. अरे पण ट्रॅक विकत घेणं वेगळं आणि तो बारमध्ये चार लोकांसमोर वाजवायचा हक्क वेगळा! ह्या हक्काची फी घेणाऱ्या संस्था आहेत, गीतकार-संगीतकारांच्या बाजूने आयपीआरएस, रेकॉर्डिंगच्या बाजूने पीपीएल वगैरे, आणि नोटीस जागेच्या मालकाला पण येऊ शकते, लॅपटॉपवाला तोपर्यंत दुसऱ्या बारमध्ये असतो. मी आमच्या सीएला आणि असोसिएशनवाल्यांना विचारून माझ्यापुरतं नीट केलं, तुम्ही तुमचं विचारा. पण हे जे छापलंय ते चुकीचं आहे आणि त्यासाठी मी एक स्टार कापला.

मराठी गाणी. ५०,००० मध्ये मराठी किती ते विचारू नका. भावगीतं बऱ्यापैकी आहेत, कारण ते काका-काकू ग्रुप तीच गातात, कोळीगीतं थोडी, नवीन सिनेमांची फारच कमी, आणि शब्द टीव्हीवर रोमनमध्ये येतात, "ळ" आणि "ल" एकच, "च" कुठला कळत नाही, आमच्या सुपरवायझर लोकांना ते वाचताना घाम फुटतो. होस्टने काही गाण्यांचे शब्द स्वतः देवनागरीत टाईप करून टाकलेत, स्वतःच्या वेळात, मालकाने सांगितलं म्हणून नाही. कोळीगीत लागलं की पूर्ण हॉल गातो, वेटर सकट, तेव्हा टीव्ही बघायची गरजच पडत नाही. लावणीची चिठ्ठी आली की मात्र हा माणूस हसून "ट्रॅक नाहीये ताई/दादा" म्हणतो. ट्रॅक आहे, मी बघितलाय. पण नोटा बाहेर येतात हे त्याला माहीत आहे.

मला दोन-तीन जणांनी विचारलं की एवढा खटाटोप कशाला, पंधरा हजारात दोन माईकवाला ट्रॉली स्पीकर येतो, यूट्यूब लाव, झालं. लावून बघा. ब्लूटूथवर संगीत मागून येतं आणि गाणारा पुढे पळतो, मध्येच गुळाची नाहीतर बनियनची ॲड येते, नेट गेलं की गोल फिरत बसतं, आणि मुख्य म्हणजे माईक कोणाकडून काढून घ्यायचा? तुमचा वेटर नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हातातून माईक काढून घेऊ शकतो का? नाही घेऊ शकत, त्याची टीप जाते. तुम्ही घेऊ शकता का? तुमचं गिऱ्हाईक जातं. बाहेरचा माणूस घेऊ शकतो, हसत हसत. त्या साडेचार हजारातले निम्मे तर मी ह्याचेच देतो असं समजतो.

एकदा सामान गुंडाळताना त्याने सांगितलं की कराओकेची मशीन काढणारा जपानमधला दाइसुके इनोउए पण असाच, कोबे शहरात बारमध्ये लोकांच्या गाण्यामागे वाजवणारा होता, १९७१ ला त्याने मशीन बनवली आणि बारवाल्यांना भाड्याने दिली, पेटंट काही घेतलं नाही, पैसे दुसऱ्यांनी कमावले, त्याला २००४ ला इग नोबेल मिळालं ते गमतीवालं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा धंदा बारवाल्यालाच भाड्याने विकायचा आहे, तरी पन्नास वर्षांनी पण विकणाऱ्याला बारवाल्याशी काय बोलायचं ते सुचत नाही, ह्याला काय म्हणायचं! मी होस्टला म्हणलं तुम्ही स्वतःचं का नाही सुरू करत, तर म्हणे "मालक, सामान घ्यायला दीड-दोन लाख लागतात, आणि मला तुमच्याकडे येऊन विकता येत नाही". खरं आहे, वाजवणारा विकत नाही आणि विकणारा वाजवत नाही.

घ्यायचं ठरवलं तर माझं सांगणं एवढंच की सेल्सवाल्याशी रेट ठरवायच्या आधी होस्टला तुमच्या हॉलमध्ये अर्धा तास फिरवा. तो काय बघतो ते बघा. टीव्ही आणि प्लग पॉइंट बघून थांबला तर नका घेऊ, वेटर कुठून येतात ते विचारलं तर घ्या.

गटारीला बोलावणार का असं आमच्या कॅशियरने विचारलं. अजिबात नाही, त्या दिवशी उभं राहायला जागा नसते आणि माईक दिला तर मारामारी. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून श्रावण, महिनाभर बुधवार काय आणि शुक्रवार काय. तेव्हा फॅमिली सेक्शनमध्ये व्हेज थाळीवर भावगीतांची संध्याकाळ करायची माझी इच्छा आहे, सात ते नऊ, ते काका-काकू ग्रुपच बोलावून, बारचा हॉल बंद ठेवून. त्याचा वेगळा रेट विचारलाय मेसेजवर, चार दिवस झाले, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. सेल्सवाले परत शनिवारी रात्री नऊलाच उगवतील बहुतेक.